गावाबाहेर पुस्तकांचं भांडार बांधायचंय : ३ लाख ग्रंथ, काळी जमीन, मराठवाडा

रबर_शिक्का

मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जागा संपली आहे. भांडारकक्षातल्या दोन कपाटांमधली वाट दोन फुटांवर आली आहे आणि नियतकालिकांचे बांधीव खंड जिन्याखाली रचलेले आहेत. क्वचित मागणी असलेले सुमारे ३ लाख ग्रंथ शहरापासून १५ किमीवर, विद्यापीठाच्याच जमिनीवर नवं भांडार बांधून हलवायचे ठरले आहे. जमीन काळी, सपाट. अंदाजपत्रक तयार करायचं आहे. इमारत किती मोठी हवी, कपाटं कोणती घ्यावीत, वातानुकूलन किती लागेल, आणि तिथून पुस्तक वाचकापर्यंत दुसऱ्या दिवशी तरी पोहोचेल याची व्यवस्था कशी लावावी, हे विचारायचं आहे. ही कामं केलेल्यांनी या मंचावर आपापल्या टोपणनावाखाली आकडे आणि कारणं दोन्ही लिहावीत. नुसतं 'चांगल्या दर्जाचं' असं लिहून निविदा काढता येत नाही.

ओळंबा

आधी जमीन. मोजमापाला हात लावण्याआधी जागेवर निदान पाच चाचणी खड्डे घ्या, चार कोपऱ्यांना आणि एक मधोमध, मुरूम लागेपर्यंत खोल. काळ्या मातीचा मुक्त फुगवटा, म्हणजे पाण्यात ती किती टक्के फुगते ते, प्रयोगशाळेतून काढून घ्या. तो ५० टक्क्यांच्या वर आला तर ती माती पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आकसून भेगाळणार, आणि तिच्यावर टाकलेली फरशी दोन्ही वेळा हलणार. घराच्या फरशीला तडा गेला तर दिसायला वाईट, एवढंच. इथे त्या फरशीवर तीन मीटर उंचीचे रॅक उभे राहणार आहेत. खाली एक सेंटिमीटर उतार आला की वरचं टोक तीन सेंटिमीटरनं कलतं.

काळी माती दीड-दोन मीटरपर्यंतच असेल तर इमारतीच्या पूर्ण क्षेत्रात ती काढून टाका. नुसत्या पायाच्या खड्ड्यांतली काढून भागत नाही. जागी मुरूम भरा, २० ते २५ सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबलेला, घनता प्रॉक्टर चाचणीत (दाबून मिळणारी कमाल घनता काढायची चाचणी) आलेल्या आकड्याच्या ९५ टक्के. माती त्याहून खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर बुंधा असलेले खोल काँक्रीटचे खांब) घ्यावे लागतील, त्यासाठी आयएस, म्हणजे भारतीय मानक, २९११ चा भाग ३ आहे. पाइल घेऊनही जमिनीवरची फरशी तशीच काळ्या मातीवर टेकवली तर भिंती जागेवर राहतात आणि फरशी मात्र उचलते. ही चूक सर्रास होते, कारण पाइलचं अंदाजपत्रक एकाचं आणि फरशीचं दुसऱ्याचं असतं.

जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून ९० सेंटिमीटर वर घ्या. भोवती दीड मीटर रुंदीचं प्लिंथ प्रोटेक्शन (जोत्याला लागून पक्की पट्टी), बाहेर उतार, त्यापलीकडे पक्कं गटार. निलगिरी, सुबाभूळ यांसारखी झाडं इमारतीच्या जवळ नकोत. झाडाची पूर्ण वाढीची उंची जेवढी, तेवढं अंतर किमान सोडा. मुळं पाणी ओढतात, तेवढ्या भागातली माती आकसते आणि कोपरा खचतो.

मोंढा_नाका

भाबडा प्रश्न विचारतो. परदेशातल्या विद्यापीठांची अशी भांडारं तीस फूट उंच असतात म्हणे, गाडीवर उभं राहून पुस्तक काढतात. उंच बांधलं तर जमीन कमी लागेल, मुरूमही कमी लागेल. मग आपण तीनच मीटर का?

दाखलअंक

त्या पद्धतीची सुरुवात हार्वर्ड विद्यापीठाच्या १९८६ च्या भांडारापासून झाली. पुस्तकं विषयानुसार न लावता आकारानुसार लावायची, ट्रेमध्ये ठेवायची, पुस्तकाला बारकोड, ट्रेला बारकोड, फळीला बारकोड. प्रिन्स्टन, कोलंबिया आणि न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालय यांनी मिळून असंच एक उभं केलं. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाचं स्विंडनजवळचं भांडार २०१० मध्ये सुरू झालं. ते ऑक्सफर्डपासून सुमारे ४५ किमी दूर आहे. आधीचा बेत ऑक्सफर्डमध्येच नदीकाठच्या ऑस्नी मीडचा होता, त्याला परवानगी मिळाली नाही.

यातलं आपल्याला घेण्यासारखं म्हणजे आकारानुसार मांडणी. उंची तेवढी महत्त्वाची नाही.

ओळंबा

उंचीचं सांगतो. नऊ-दहा मीटरच्या रॅकला फरशी इतकी सपाट लागते की मिलिमीटरचा हिशोब होतो. उचलणारी गाडी लागते, ती चालवणारा माणूस लागतो, ती बिघडली तर दुरुस्त करणारा पुण्या-मुंबईहून येणार आणि तोवर वरच्या फळ्या बंद. शिवाय आगीसाठी रॅकच्या आत, मधल्या पातळ्यांवरही स्प्रिंकलर द्यावे लागतात. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीला काय झालं ते या भागाला सांगायला नको. उंच, सडपातळ आणि वर जड अशी वस्तू भूकंपात सगळ्यात आधी जाते. ३ लाख पुस्तकांसाठी तीन मीटर पुरतात.

दाखलअंक

मोजणी अशी केली. भांडारातल्या कुठल्याही २५ फळ्या निवडून टेपने मापल्या की सरासरी जाडी निघते. मराठी-इंग्रजी मिसळ संग्रहाला अडीच सेंटिमीटर धरू. म्हणजे ३ लाखांना साडेसात हजार मीटर लांबीची पुस्तकांची रांग.

ट्रेची आतली लांबी ४४ सेंटिमीटर. दोन सेंटिमीटर बोटं घालायला सोडले तर एका ट्रेत १७ पुस्तकं. सरासरी ८०० ग्रॅम धरलं तर ट्रे १४ किलोच्या आत राहतो. १५ किलोची मर्यादा पाळायचीच, कारण परिचराला दिवसातून पन्नास वेळा ट्रे काढायचा आहे. एकूण ट्रे १७,६५० च्या घरात.

आकाराचे पाच वर्ग. 'अ' म्हणजे १९ सेंटिमीटरपर्यंत उंचीची पुस्तकं, यात क्राउन आकार येतो. 'ब' २२ पर्यंत, यात डेमी, आपला सगळ्यात मोठा गठ्ठा. 'क' २५ पर्यंत, रॉयल. 'ड' ३० पर्यंत, बांधीव खंड आणि प्रबंध. 'इ' म्हणजे आडवी ठेवायची, नकाशासंग्रह वगैरे. मापायला प्लायवूडचा पायऱ्यांसारखा साचा करून टेबलावर ठेवायचा. पुस्तक त्यात उभं केलं की वर्ग लगेच कळतो, पट्टी लावायला लागत नाही. बांधीव खंड जाड आणि जड असतात, १७ चा नियम त्यांना लावू नका. सात खंडांचा आखूड ट्रे वेगळा करा.

डेमीचा ट्रे १६ सेंटिमीटर रुंद. १२० सेंटिमीटरच्या फळीवर सात ट्रे शेजारीशेजारी, मागेपुढे दोन रांगा, फळीची खोली ९० सेंटिमीटर. म्हणजे फळीवर १४ ट्रे, २३८ पुस्तकं. तीन मीटरमध्ये अशा ९ फळ्या बसतात, एका खणात, म्हणजे रॅकच्या १२० सेंटिमीटर रुंद उभ्या भागात, २,१४२ डेमी पुस्तकं. मोठे आकार धरून खणाला सरासरी दीड हजार. २०० खण लागतात, पुढची वाढ धरून २४० घ्यावेत. रॅक पाठीला पाठ लावून, मध्ये एक मीटरची वाट धरली तर खणामागे पावणेदोन चौरस मीटर, म्हणजे ४२० चौरस मीटर. आडव्या वाटा आणि भिंतीकडची मोकळी जागा धरून ५२५ चौरस मीटरचं दालन.

ओळंबा

हिशोब बरोबर आहे, पण त्यातून एक मुद्दा निघतो तो पुढे लिहून ठेवा. आयएस ८७५ च्या भाग २ मध्ये ग्रंथभांडारासाठी २.२ मीटर उंचीपर्यंत चौरस मीटरला ६ किलोन्यूटन (एक म्हणजे सुमारे १०० किलोचा भार) आणि पुढच्या प्रत्येक मीटरला २ किलोन्यूटन असा भार दिलाय. तीन मीटरला ७.६ येतो. तुमच्या सरासरी खणाला रॅकसह साधारण १,३५० किलो, वाटेची जागा धरून तो भार जवळपास तेवढाच येतो. पण पूर्ण डेमीने भरलेला खण १,८६० किलोपर्यंत जातो आणि भार १० किलोन्यूटनच्या वर. कोडातला आकडा साध्या, एका रांगेच्या कपाटांचा आहे. खोल फळ्यांवर दुहेरी ट्रे ठेवले की तो अपुरा पडतो. रचनाकाराला फक्त 'ग्रंथालय' असं सांगितलं तर तो ६ धरूनच काढेल. आपला खणाचा आकडा लेखी द्या.

जमिनीवरच बांधा, दुमजली नको. फरशी एम २५ काँक्रीटची, २०० मिलिमीटर, ट्रिमिक्स करून (ओल्या काँक्रीटमधलं जास्तीचं पाणी पंपाने ओढून), खाली २५० मायक्रॉनचा पॉलिथिन कागद सांधे चिकटवून.

रबर_शिक्का

कॉम्पॅक्टर का नको? रुळांवर सरकणारी कपाटं घेतली तर वाट एकच लागते, दालन अर्ध्यावर येईल. बऱ्याच विद्यापीठांत आहेत.

ओळंबा

खडकावर बांधलेल्या इमारतीत घ्या, हरकत नाही. इथे रूळ पाच मिलिमीटर खाली-वर झाला तरी भरलेलं कपाट अडतं, आणि मग ते ढकलायला दोघं लागतात, मग साखळी तुटते. त्यातून भार दुपटीच्या जवळ जातो, म्हणजे फरशीचा खर्च वाढतो.

कसरमार

आणि बंद कॉम्पॅक्टरमध्ये हवा फिरत नाही. पावसाळ्यात आठवडाभर न उघडलेल्या कपाटात बुरशी आधी मागच्या खालच्या कोपऱ्यात धरते आणि कळते महिन्याभराने, वासावरून. रॅक सुटे, उघडे ठेवा. खालची फळी जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर. बाहेरच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटर अंतर, म्हणजे माणूस बॅटरी घेऊन मागून फिरू शकेल.

उधईबद्दल लिहितो, कारण या भागात इमारत पडायच्या आधी उधई पुस्तकं खाते. बांधकामाच्या वेळचा प्रतिबंध आयएस ६३१३ च्या भाग २ प्रमाणे. क्लोरपायरिफॉस २० ईसी (२० टक्के तीव्रतेचं कीटकनाशक) असेल तर एका भागाला १९ भाग पाणी, म्हणजे एक टक्क्याचं द्रावण. पायाच्या उभ्या बाजूंना चौरस मीटरला साडेसात लिटर, जोत्याच्या भरावाच्या वरच्या पृष्ठभागावर ५ लिटर. ५२५ चौरस मीटरच्या जोत्याला नुसत्या वरच्या थरासाठीच २,६२५ लिटर द्रावण, म्हणजे १३० लिटरच्या वर औषध लागतं. ठेकेदार जागेवर २० लिटरचे दोन कॅन घेऊन आला तर काम झालं नाही एवढं समजा. फवारणीच्या दिवशी सीलबंद डबे मोजा, रिकामे परत मोजा. फवारणीनंतर पाऊस आला किंवा प्लंबरने परत चर खणला तर तेवढ्या भागाची फवारणी पुन्हा, कारण रसायनाची सलग भिंत तुटली की उधई त्याच फटीतून वर येते.

पाइप, केबल जिथून भिंतीत शिरतात ते भोक हीच तिची आवडती वाट. बाहेरून मातीची बारीक नळी चढताना दिसते, पेन्सिलीएवढी जाड. म्हणून प्लिंथ प्रोटेक्शनवर कुंड्या, भंगार, जुनी लाकडी कपाटं काही ठेवू देऊ नका. नळी दिसायला भिंत उघडी लागते.

दवबिंदू

हवेचं लिहितो. थोडं लांबेल, पण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

लोक मराठवाडा म्हटलं की मे महिन्याचा विचार करतात. बाहेर ४२ अंश आहे, म्हणून मोठे एसी लावू. पण मे महिना सोपा आहे. ४२ अंशाची आणि १५ टक्के आर्द्रतेची हवा आत आणून २४ अंशांपर्यंत थंड केली की तिची आर्द्रता आपोआप ४१ टक्क्यांवर येते. कागदाला ती चालते. अवघड आहे तो ऑगस्ट. बाहेर २८ अंश, ८० टक्के. त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातलं पाणी धरायला लागतं तो, २४ अंशांच्या थोडा वर. तीच हवा २४ अंशांच्या दालनात शिरली की आर्द्रता १०० टक्के, आणि दालन २२ वर ठेवलं असेल तर थंड लोखंडी फळीवर चक्क पाणी धरतं. बुरशीला ६५ टक्क्यांच्या वर काही दिवस सलग मिळाले की पुरतात.

घरगुती पद्धतीचे स्प्लिट एसी तापमान बघून चालतात. ऑगस्टमध्ये रात्री बाहेर २४ अंश असतं, आत माणूस नाही, दिवे नाहीत, उष्णता नाही. एसी पाच मिनिटांत थांबतो, पंखा फिरत राहतो आणि कॉइलवरचं पाणी परत हवेत जातं. दालन गारही होतं, ओलंही होतं. म्हणून आर्द्रता काढायची यंत्रणा वेगळी हवी आणि ती आर्द्रतेच्या संवेदकावर चालायला हवी. लक्ष्य असं ठेवा : तापमान वर्षभरात २० ते २५ दरम्यान ऋतूप्रमाणे हळूहळू सरकू द्या, आर्द्रता ४० ते ५५ मध्ये. परदेशी भांडारांसारखं १० अंशांवर नेऊ नका. तिथून काढलेलं पुस्तक ऑगस्टमध्ये टेबलावर ठेवलं तर मुखपृष्ठ घामेजतं.

आता पाणी किती काढायचं. ऑगस्टच्या बाहेरच्या एक घनमीटर हवेत आपल्याला हव्या त्या हवेपेक्षा सुमारे ११ ग्रॅम पाणी जास्त असतं. दालन ५२५ चौरस मीटर, उंची ४ मीटर, म्हणजे २,१०० घनमीटर. दिवसभरात एकदा हवा बदलली तर २३ लिटर पाणी. फटी राहिल्या आणि दर दोन तासांनी एकदा हवा बदलली तर दिवसाला २७५ लिटरच्या वर. हा फरक यंत्राने भरून काढायचा नाही, बांधकामाने काढायचा. खिडक्या शून्य. दार एकच, आणि त्याच्या आधी छोटी खोली, दोन दारं एकदम उघडणार नाहीत अशी. भिंत आणि छत यांचा सांधा, केबलची भोकं सगळी भरलेली. छतावर फिरते टर्बो पंखे मुळीच नकोत, ते गोदामांना चांगले, इथे नाहीत. वाळ्याचे कूलर तर दालनाच्या आसपासही नकोत. तो आर्द्रता वाढवूनच थंड करतो.

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारं यंत्र, घेताना एक बघा. कंपनी '५० लिटर' म्हणते ते ३० अंश आणि ८० टक्क्यांना. आपल्या २४ आणि ५० ला तेच यंत्र निम्म्याहून कमी काढतं. नेमकं तुमच्या अंशांना किती, ते लेखी मागा. शीतकाच्या यंत्रापेक्षा सिलिका जेलच्या चाकाचं यंत्र महाग पडतं, पण कमी आर्द्रतेलाही काम करतं. दोन यंत्रं घ्या, प्रत्येक एकूण भाराच्या ६० ते ७० टक्क्यांची. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर निभतं.

चिलर (वातानुकूलनाचं मुख्य थंड करणारं यंत्र) हवेने थंड होणारा घ्या. पाण्याच्या कूलिंग टॉवरचा हिशोब कागदावर स्वस्त दिसतो, पण २०१६ मध्ये लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आलं होतं. अशा वर्षी टॉवरला पाणी कोण देणार?

मोंढा_नाका

छताचं काय? पत्रा की स्लॅब?

ओळंबा

दोन्ही. स्लॅब, त्यावर सांधे भरलेलं १०० मिलिमीटरचं पीयूएफ पॅनेल (उष्णता अडवणारा फोमचा थर), आणि वर हवा खेळेल एवढी जागा सोडून उतरता पांढरा पत्रा. ऊन पत्र्याने घ्यायचं, पाऊसही पत्र्याने. नुसत्या पत्र्याचे स्क्रू पाच-सात वर्षांत वॉशर वाळून गळायला लागतात, म्हणून खाली स्लॅब हवाच. स्लॅबवर पाण्याची टाकी नको. शौचालय, पँट्री, वॉश बेसिन दालनाला लागून नकोत. पावसाचं पाणी उतरवणारे पाइप भिंतीच्या बाहेरून, आतून एकही नाही. इमारतीची लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे तोंड करून, म्हणजे पश्चिमेचं ऊन लहान भिंतीवर येतं.

आणि काँक्रीट वाळायला वेळ द्या. २०० मिलिमीटरची फरशी महिन्याला साधारण २५ मिलिमीटर या गतीने वाळते, म्हणजे आठ महिने. तपासायची सोपी रीत : मीटरभर पॉलिथिन फरशीवर चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस सोडा. सकाळी टेप उचला. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब असतील किंवा त्याखालची फरशी बाजूच्यापेक्षा काळपट दिसत असेल तर रॅक आणू नका. पाच ठिकाणी करा, एका ठिकाणी नाही. उद्घाटनाच्या तारखेची घाई नेमकी इथे नडते.

दवबिंदू

ओळंबा म्हणतात त्याला जोडून. कागद स्वतःच पाणी धरून असतो. ५० टक्के आर्द्रतेला वजनाच्या ६-७ टक्के, ७५-८० ला १० च्या आसपास. ३ लाख पुस्तकं म्हणजे २४० टन. ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओल्या कक्षातून उचलून आणली तर सोबत तीन टक्के जास्तीचं पाणी आलं, ७,२०० लिटर. रोज ५० लिटर काढलं तरी १४४ दिवस यंत्र फक्त तेच करत बसेल, आणि तोवर दालनातली आर्द्रता खाली येणार नाही. तेव्हा हलवाहलव दिवाळीनंतर सुरू करा, मे अखेर थांबवा.

हाच कागद पुढे फायद्याचा. दालन भरलं आणि हवाबंद असलं की वीज आठ-दहा तास गेली तरी आर्द्रतेचा काटा फारसा हलत नाही, कागदच ती धरून ठेवतो. म्हणून जनरेटर सगळ्या यंत्रणेएवढा लागत नाही. आगीची सूचना, संवेदक, दिवे आणि एक डीह्युमिडिफायर एवढ्यापुरता घ्या.

रबर_शिक्का

आगीसाठी अग्निशमन विभागाची परवानगी लागेल. गॅस की पाणी? वरिष्ठ म्हणतात पुस्तकांवर पाणी नको.

ओळंबा

गॅसची यंत्रणा दालन पूर्ण बंद असेल तरच चालते, एकदाच सुटते, आणि परत भरेपर्यंत संरक्षण नाही. एवढ्या दालनाला ती महागही फार. प्री-ॲक्शन स्प्रिंकलर घ्या. पाइपात एरवी पाणी नसतं. धुराच्या संवेदकाने आधी सूचना दिली तर झडप उघडून पाणी पाइपात येतं, आणि ज्या स्प्रिंकलरचं टोक उष्णतेने फुटतं त्यातूनच खाली पडतं. म्हणजे कुणाचा रॅकचा खांब लागून टोक तुटलं तरी पुस्तकं भिजत नाहीत. भिजलेलं पुस्तक बऱ्याचदा वाचवता येतं, जळलेलं नाही. लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला १९८६ मध्ये आग लागली तेव्हा सुमारे ४ लाख ग्रंथ गेले.

धुराचे संवेदक हवा ओढून तपासणारे घ्या, ते लवकर पकडतात. सगळ्यात वरच्या ट्रेपासून स्प्रिंकलरपर्यंत ४५ सेंटिमीटर मोकळे हवेत, म्हणून रॅकच्या माथ्यावर 'तात्पुरते' गठ्ठे ठेवायला सक्त मनाई. वीजफलक दालनाच्या बाहेर, आत फक्त दिवे. संध्याकाळी कुलूप लावताना मुख्य खटका बाहेरूनच पाडता आला पाहिजे, आगीच्या यंत्रणेची जोडणी वेगळी ठेवून.

आगीच्या पाण्याची टाकी वापराच्या पाण्यासोबत एकच असेल तर वापराच्या नळाचं तोंड वरच्या पातळीला काढा. म्हणजे दुष्काळात कुणी कितीही उपसलं तरी आगीपुरतं पाणी तळात राहतं. नुसती पाटी लावून ते राहत नाही.

दाखलअंक

आता पुस्तकाच्या पत्त्याकडे येतो. ही बाजू बांधकामाहून कमी महत्त्वाची समजली जाते, आणि तिथेच भांडार निकामी होतं.

विषयवार कपाटात पुस्तक दोन जागा इकडेतिकडे लागलं तर शोधताना हाती लागतं. इथे मांडणी आकाराची. इतिहासाशेजारी कीटकशास्त्र आणि त्याशेजारी कवितासंग्रह. चुकीच्या ट्रेत गेलेलं पुस्तक १७,६५० पैकी कुठल्या ट्रेत आहे हे कुणी सांगू शकत नाही. ते हरवलंच. तेव्हा नियम एकच : संगणकात नोंद नाही त्या पुस्तकाला भांडारात जागा नाही.

दाखल क्रमांकाचा, म्हणजे पुस्तक ग्रंथालयात येताना नोंदवहीत पडलेल्या क्रमांकाचा, बारकोड करू नका. विभागांची ग्रंथालयं मध्यवर्तीत विलीन झाली की एकच दाखल क्रमांक दोन-तीन पुस्तकांना असतो. भांडारासाठी नवा, सलग क्रमांक द्या. दाखल क्रमांक नोंदीत वेगळा राहू द्या. लेबल थर्मल ट्रान्स्फरने रेझिन रिबनवर छापलेलं घ्या. साध्या थर्मल कागदावरचं लेबल इथल्या उन्हाळ्यात काळवंडतं किंवा उडून जातं. लेबल मुखपृष्ठावर बाहेरून, वरच्या कोपऱ्यात, आणि तोच क्रमांक शीर्षकपानाच्या मागे मऊ पेन्सिलीने.

कोहा ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली वापरत असाल तर नोंदीतल्या ९५२ या क्षेत्राच्या 'सी' उपक्षेत्रात ठिकाण म्हणून 'बाह्य भांडार' टाका, म्हणजे वाचकाला शोधतानाच दिसेल की पुस्तक दुसऱ्या दिवशी मिळेल. ट्रेचा क्रमांक 'एक्स' उपक्षेत्रात, तो वाचकाला दिसत नाही. जुन्या नोंदी श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर मराठी शीर्षक शोधून सापडत नाही आणि पुस्तक असून नसल्यासारखं होतं.

कसरमार

कामाचा क्रम मी असा धरतो. नळीच्या तोंडाला मऊ ब्रश लावलेला, हेपा गाळणीचा (अगदी बारीक धूळही अडवणारा) व्हॅक्यूम. पुस्तक मिटलेलं घट्ट धरून वरची कड कण्याकडून बाहेर अशी साफ करायची, म्हणजे धूळ पानांत शिरत नाही. मग पुठ्ठे उघडून सांध्यात बघायचं. कसर चंदेरी, पळते, लगेच दिसते. भुंगेऱ्याची अळी दिसत नाही, फक्त टाचणीएवढी भोकं आणि हात झटकल्यावर पिठासारखा भुगा. भुगा पांढरट आणि ताजा असेल तर ते पुस्तक रांगेतून बाहेर, जाड पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून सील, आणि उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठ दिवस. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. पाणी पिशवीवर बाहेरून धरू द्यायचं. चामड्याच्या बांधणीची, चित्रांवर रंगाचा थर असलेली पुस्तकं फ्रीझरमध्ये घालू नका, ती तज्ज्ञाकडे.

डांबरगोळ्या नकोत. बंद दालनात वाफ साचते, काम करणाऱ्याचं डोकं दुखतं, आणि भुंगेऱ्याची अळी त्याने मरतही नाही.

ट्रेचा पुठ्ठा आम्लमुक्त घ्या. किराणा खोक्याचा तपकिरी पुठ्ठा दहा वर्षांत पुस्तकाच्या कडा पिवळ्या करतो. आम्लमुक्त परवडत नसेल तर पीपी (पॉलिप्रॉपिलीन) कोरुगेटेड शीटचे ट्रे करून घ्या, पीव्हीसीचे मात्र नाही.

रबर_शिक्का

मनुष्यबळ किती धरू?

दाखलअंक

सहा जणांच्या गटाला दिवसाला ७०० पुस्तकं धरा. साफसफाई दोघं, नोंद तपासून लेबल दोघं, साच्यावर माप आणि ट्रे एक, आणि सहावा फक्त पडताळणीला. त्याने ट्रे स्कॅन करायचा, मग आतलं प्रत्येक पुस्तक स्कॅन करायचं, जुळलं तरच ट्रे बंद. ज्याने ट्रे भरला त्यानेच पडताळायचं नाही. या एका माणसाला 'वाचवायचा' मोह प्रत्येक अंदाजपत्रकात होतो. होऊ देऊ नका.

दिवाळी ते मे, महिन्याला २५ दिवस, म्हणजे हंगामाला सव्वा लाखाच्या आत. ३ लाखांना अडीच हंगाम. पावसाळ्यात मूळ ग्रंथालयात लेबलं आणि नोंदींचं काम चालू ठेवा, गाडी मात्र थांबवा.

मोंढा_नाका

कुठली पुस्तकं पाठवायची हे कोण ठरवणार? प्राध्यापक तर एकही सोडायला तयार होणार नाहीत.

दाखलअंक

दहा वर्षांत एकदाही देवघेव न झालेली, एकापेक्षा जास्त प्रती असलेल्यांची जास्तीची प्रत, ज्या नियतकालिकांचे खंड संगणकावर पूर्ण उपलब्ध आहेत ती. यादी विभागांकडे महिनाभर ठेवा, हरकत लेखी घ्या. आणि प्राध्यापकांना सांगा की हे निर्लेखन, म्हणजे पुस्तक संग्रहातून काढून टाकणं, नाही. पुस्तक ग्रंथालयाचंच राहतं, फक्त एक दिवस उशिरा मिळतं. हे पटलं की विरोध बराच निवळतो.

एक गठ्ठा मात्र सरसकट देवघेवीच्या आकड्यावर पाठवू नका. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, आणि १९५८ मध्ये इथे विद्यापीठ निघेपर्यंत महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. त्या काळची उर्दू पुस्तकं, गॅझेटं, मोडीतले कागद आपल्याकडच्या जुन्या संग्रहांत आहेत. त्यांची देवघेव दिसत नाही, कारण त्यांची नोंदच धड झालेली नाही. उर्दू शीर्षक कुणीतरी इंग्रजीत अंदाजाने लिहिलेलं असतं. आधी उर्दू वाचणारा माणूस बसवून नोंदी करून घ्या, मग जागेचा निर्णय.

वाचकांसाठी गाडीच्या दिवसाला दोन फेऱ्या. सकाळी अकरापर्यंतची मागणी त्याच दिवशी संध्याकाळी, नंतरची दुसऱ्या दिवशी दुपारी. झाकणाचे प्लास्टिक क्रेट, पावसाळ्यात झाकणावर कुलूपपट्टी. परत आलेलं पुस्तक त्याच ट्रेत, स्कॅन करूनच.

रबर_शिक्का

शेवटचं विचारतो. इमारत ताब्यात घेताना आर्द्रतेचे आकडे खरे आहेत हे आम्ही कसं ओळखायचं? पुरवठादाराचाच मीटर, पुरवठादारच वाचणार.

दवबिंदू

स्वतःचे दहा डेटा लॉगर (तापमान-आर्द्रता आपोआप नोंदवणारी छोटी उपकरणं) घ्या. एक दाराजवळ, चार खालच्या फळ्यांवर कोपऱ्यांत, दोन सगळ्यात वरच्या फळीवर, एक उत्तरेच्या भिंतीमागे, एक दालनाच्या मधोमध आणि एक बाहेर सावलीत. लावण्याआधी तपासा. बाटलीच्या झाकणात खायचं मीठ घ्या, चार-पाच थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवू नका. ते झाकण आणि लॉगर एका झिप पिशवीत सांडणार नाही असं ठेवून पिशवी बंद करा, रात्रभर खोलीत राहू द्या. सकाळी लॉगरने ७५ टक्के दाखवायला हवेत. तीन टक्के इकडेतिकडे चालतं, तेवढा फरक त्याच्या पाठीवर पट्टी चिकटवून लिहून ठेवा. त्याहून जास्त असेल तर लॉगर परत.

इमारत ताब्यात घ्यायची ती पूर्ण जुलै-ऑगस्टचे आकडे बघून, रिकाम्या दालनात. निविदेतच लिहा की आर्द्रता सलग ३० दिवस ५५ च्या आत राहिली तरच शेवटचा हप्ता. फेब्रुवारीत घेतलेली चाचणी कुठलीही खोली पास होते.

रबर_शिक्का

हे कलम जसंच्या तसं मसुद्यात घेतो. चाचणी खड्ड्यांचं काम सोमवारी लावतोय, फुगवट्याचा अहवाल आला की इथे टाकेन.